गप्पी माशाचा प्रवास

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले उभे राहतात, तलवारी चमकतात, तहनामे आणि बखरी आठवतात. आज मी ज्याचा इतिहास सांगणार आहे तो मोठा तर नाहीच, पण लांबीने आपल्या करंगळीएवढाही नाही. नाशिकच्या इंदिरानगरात, किंवा तुमच्या गावच्या एखाद्या जुन्या विहिरीत, पाण्याच्या पृष्ठाशी तोंड लावून हिंडणारे बारीक मासे तुम्ही पाहिले असतील. मुले ते बाटलीत धरून आणतात. मादी मळकट राखाडी. नर तिच्याहून लहान, पण अंगावर नारिंगी, काळे, निळसर ठिपके. हाच गप्पी मासा. तो इथला नव्हे. मग तो इथे आला कसा?

प्रथम नावाची हकीकत. गप्पीचा आपल्या गप्पांशी काही संबंध नाही, बरे का! दक्षिण अमेरिकेच्या उत्तर टोकाशी त्रिनिदाद नावाचे बेट आहे. तेथे रॉबर्ट जॉन लेचमियर गप्पी नावाचा निसर्गाभ्यासक राहत असे. त्याने हे मासे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे पाठविले आणि 1866 साली गुंथर या शास्त्रज्ञाने त्यांना गप्पीचे नाव दिले. वास्तविक पीटर्स या जर्मन शास्त्रज्ञाने 1859 सालीच या माशाचे वर्णन केले होते. शास्त्रात पीटर्सचे नाव टिकले, लोकांच्या तोंडी गप्पी राहिला. शिक्षकबंधूंना आणि भगिनींना मौज वाटेल अशी गोष्ट म्हणजे, हे गप्पीसाहेब पुढे त्रिनिदादमधील शाळांचे प्रमुख तपासनीस झाले. शाळातपासणीच्या पेशातील माणसाचे नाव मुलांच्या बाटलीतल्या माशाला मिळावे, हा मोठा गमतीदार योग!

आणखी एक योग पाहा. 1845 सालापासून आपल्या देशातील गरीब मजूर करारावर त्रिनिदादच्या उसाच्या मळ्यांत नेले जात होते. माणसे इकडून तिकडे गेली. काही दशकांनी त्या मुलखातला मासा इकडे आला. त्याला आणले ते शोभेसाठी नव्हे, हिवतापासाठी.

20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडले. तोवर दूषित हवेने ताप येतो अशी समजूत होती. शत्रू डास आहे हे कळताच लढाईची जागाच बदलली. डास अंडी घालतो पाण्यात, तेव्हा लढाई पाण्यात करणे प्राप्त झाले. मुंबईत डॉ. बेंटली यांनी 1911 साली अहवाल दिला, की शहरातील हिवतापाचे मोठे मूळ घरोघरच्या विहिरींत आहे. विहिरी बुजवा म्हटल्यावर लोक बिथरले. विहीर म्हणजे नुसते पाणी नव्हे, तिथे पूजाअर्चा होते, धर्मभावना गुंतलेली असते. अशा ठिकाणी अळ्या खाणारा मासा हा सोयीचा मार्ग होता. 1910 च्या सुमारास गप्पी भारतात आला. 1928 साली इटलीहून गंबुशिया हा त्याचा भाईबंदही आणला गेला.

स्वातंत्र्याच्या वेळी देशात दरवर्षी सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख दगावत, असा अंदाज आहे. 1953 साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. घरोघरी डीडीटी फवारले गेले आणि 1965 पर्यंत रुग्णसंख्या एक लाखाच्या आसपास आली. लोकांना वाटले, संपला हिवताप! परंतु डास औषधाला सरावले, कामात ढिलाई आली आणि 1976 साली रुग्णांची संख्या चौसष्ट लाखांवर गेली. औषध फसल्यावर आपल्याला पुन्हा माशाची आठवण झाली. आज महानगरपालिकांचे मलेरिया विभाग गप्पी मासे सोडतात ते त्यामुळेच.

आता हा मासा घरी किंवा शाळेत कसा पाळावा ते थोडक्यात सांगतो. घाण गटारातले मासे धरू नयेत. स्वच्छ हौदातले, मलमलीच्या फडक्याने अलगद धरावेत. वीस-पंचवीस लिटरची काचेची पेटी पुरे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, म्हणून पाणी एक दिवस उघडे ठेवून मग वापरावे. धरून आणलेले मासे दोन-तीन आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवावेत, म्हणजे रोग असल्यास तिथेच कळतो. एका नरामागे दोन-तीन माद्या असाव्यात, नाहीतर नर मादीला पिटाळून बेजार करतो. आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलावे, खाणे चिमूटभरच द्यावे. नाशिकची थंडी याला बाधते, तेव्हा हिवाळ्यात पेटी खिडकीपासून दूर घ्यावी. पेटीत हात घातल्यावर साबणाने धुवावेत.

ही मादी अंडी घालत नाही, जिवंत पिले देते. साधारण महिन्याने वीस-तीस किंवा त्याहून अधिक पिले होतात. आईच त्यांना गिळते, म्हणून पाणवनस्पती दाट हवी. एकदा नराशी संग झाला की पुढील कित्येक महिने नराशिवायही तिला पिले होत राहतात.

पिले वाढू लागली की मुलांना वहीत नरांच्या ठिपक्यांची चित्रे काढायला सांगा. 1920 साली कोपनहेगनमध्ये श्मिट या शास्त्रज्ञाने असेच पाहून दाखविले, की काही ठिपके बापाकडून फक्त मुलग्यांकडेच जातात. पुढे 1980 साली एंडलर यांनी दाखविले, की शिकारी मासे असलेल्या पाण्यात गप्पी पिढ्यान्‌पिढ्या फिके होत जातात आणि निर्धास्त पाण्यात रंगीत होतात. रंगीत नर मादीला आवडतो खरा, पण तोच शत्रूच्याही नजरेत भरतो. दुकानातला मोठ्या शेपटीचा गप्पी माणसाच्या हौसेने घडला. विहिरीतल्या गप्पीच्या अंगावर मात्र त्याच्या पाण्याची कहाणी असते.

शेवटी एक कळकळीची विनंती. मासे जास्त झाले, म्हणून ते नासर्डीत, गोदावरीत किंवा गावच्या तळ्यात सोडू नका. पाहुणा मासा देशी माशांची अंडी-पिले खातो आणि त्यांचा घास हिरावतो. आपल्या ओढ्यांतही अळ्या खाणारे मासे आहेत. डोक्यावर चांदीसारखा ठिपका असलेला छोटा मासा त्यांतलाच. त्याला हुसकावून परक्याला बसविणे शहाणपणाचे नव्हे. जादा मासे दुसऱ्या शाळेला द्या, किंवा मलेरिया विभागाला विचारून त्यांच्या स्वाधीन करा.

आणि मासा आहे म्हणून आपण स्वस्थ बसावे असेही नाही. डेंग्यूचा डास कुलरमध्ये, टायरमध्ये, कुंडीखालच्या ताटलीत वाढतो; तिथे मासा पोहोचत नाही. आठवड्यातून एक दिवस घरातली भांडी कोरडी करणे हे काम माणसाचेच आहे. 1965 नंतर आपण निर्धास्त झालो आणि 1976 साली त्याची किंमत मोजली. तेवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली, तरी या करंगळीएवढ्या माशाचा इतिहास वाया गेला नाही असे मी म्हणेन.