नळदुर्गचा महादेवबाबा

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना किल्ले दाखवावयास न्यावे, ही माझी जुनी खोड. एका वर्षी नळदुर्ग ठरले. बीडहून निघावे, चौसाळ्याच्या पुढे मांजरा ओलांडावी आणि धाराशिव, तुळजापूर करीत बोरी नदीच्या काठी उतरावे. त्या साली परतीचा पाऊस चांगला झाला होता. नर-मादीच्या सांडव्यांवरून पाणी अजून कोसळत होते. पाणीमहालाच्या खिडकीशी उभा राहून एका पोराने विचारले, "गुरुजी, इथं कोण राहायचं हो?"

इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या कारकिर्दीत हा बांध झाला, एवढे मी त्याला सांगितले. पण मनात आला होता तो निराळाच माणूस. कॅप्टन फिलिप मेडोज टेलर!

हा इंग्रज १८०८ साली लिव्हरपूलला जन्मला. बापाचा व्यापार बुडाला, शाळा लवकर सुटली आणि १८२४ मध्ये, पंधराव्या वर्षी, पोरगा मुंबईच्या धक्क्यावर उतरला. पुढे निजामाच्या फौजेत नोकरी मिळाली. मग शिक्षण? ते त्याने आपले आपणच केले. इथल्या भाषा शिकला, कायदा शिकला, जमीन मोजण्याची विद्या, वनस्पतिशास्त्र, भूगर्भशास्त्र, सारे नोकरी सांभाळून. मॅट्रिकवर थांबलेल्या माझ्यासारख्या मास्तराला या माणसाचा थोडा हेवा वाटतो, हे कबूल करायला हरकत नाही.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडाबरोबर नळदुर्ग-धाराशिवचा मुलूखही इंग्रजांच्या हवाली केला. आमचे बीड निजामाकडेच राहिले. त्या नव्या जिल्ह्यावर टेलरची नेमणूक झाली आणि तो या किल्ल्यात राहावयास आला. पुढे आत्मचरित्रात त्याने नळदुर्गचे जे वर्णन केले आहे, ते मुळातून वाचावे. दुसरा एखादा अंमलदार बुरूज नि तोफा मोजून मोकळा झाला असता. हा आधी खडक पाहतो. काळ्या पाषाणाचे पठार दरीत कसे घुसले आहे, त्याच्या दोन बाजूंनी नदी कशी वळली आहे, कडा कुठे पन्नास फूट तर कुठे दोनशे फूट आहे, हे सांगून झाल्यावर मग बांध, आणि बांधाच्या पोटातली ती खोली. जमीन कळल्याखेरीज इतिहास कळत नाही, अशीच जणू त्याची रीत. याआधी शोरापूरला असताना रानात पडलेल्या प्राचीन दगडी थडग्यांवर त्याने असाच जीव लावला होता, आणि पुढे त्यांवर निबंधही लिहिले.

'मेडोज' हे नाव आमच्या लोकांच्या जिभेवर बसेना. त्यांनी त्याचा सरळ 'महादेवबाबा' करून टाकला!

आता, हा माणूस परक्या सरकारचा चाकर होता, हे मी विसरलेलो नाही. ज्या डोळ्यांनी त्याने शिवार न्याहाळले, त्याच डोळ्यांनी सारा बसविण्यासाठी त्याची मोजणीही केली. त्याची 'तारा' ही १८६३ ची कादंबरी तुळजापुरापासून सुरू होते. तीतली माणसे मला पुष्कळदा नाटकी वाटतात. पण तुळजापूरचा घाट, देवळाच्या पायऱ्या, खालची दरी हे सारे पाहिल्यावाचून लिहिता येणारे नव्हे. आमच्यापैकी कितीजणांनी, मी धरून, आपल्याच जिल्ह्यातला धारूरचा किल्ला असा पाहिला आहे?

१८५७ च्या धामधुमीत त्याला एकाएकी वऱ्हाडात पाठविण्यात आले. १८६० मध्ये नळदुर्गचा मुलूख पुन्हा निजामाकडे गेला, आणि त्याच साली टेलरने नोकरी सोडली. १८७५ मध्ये सालारजंगांच्या बोलावण्यावरून म्हातारा पुन्हा हैदराबादेस आला. तिथे तापाने आजारी पडला. डोळेही गेले होते. परतीच्या वाटेवर, १८७६ च्या मे महिन्यात, फ्रान्समधल्या मेंतों गावी तो वारला. आत्मचरित्र पुढल्या वर्षी निघाले.

एवढे सगळे मी त्या पोराला पायऱ्या चढताना सांगितले. तो थबकला. म्हणाला, "डोळे गेल्यावर त्याला हे पाणी आठवत असंल का हो गुरुजी?"

मला उत्तर सुचले नाही. वर मुलांनी फराळाचे डबे उघडले होते; आम्हीही जाऊन बसलो.