मोठे रुग्णालय एकटे का पुरे पडत नाही?

ऑक्टोबर २०२३ ची बातमी तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात बाळे होती. औषधे कमी पडली की मनुष्यबळ, यावर वाद झाला. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. पण हा प्रश्न समजून घ्यायला थोडे मागे जावे लागेल.

१९४६ मध्ये भोर समितीने सुचवले की उपचार गावाजवळ मिळावेत आणि पैशाअभावी कोणी वंचित राहू नये. प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना तिथली. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता. तो १७ सप्टेंबर १९४८ ला मुक्त झाला. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या आणि ही केंद्रे त्यांच्याकडे गेली. आज निकष असा आहे: सपाट भागात ५ हजार लोकांमागे एक उपकेंद्र, ३० हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र.

१९७८ मध्ये सोव्हिएत संघातल्या अल्मा-आता शहरात (आजचा कझाकस्तान) जगभरच्या देशांनी हाच मार्ग मान्य केला. पुढे १९९१ मध्ये सोव्हिएत संघ फुटला. दवाखाने उभे होते, पण पैसा आटला, लसीकरण विस्कळीत झाले. जवळपास आटोक्यात आलेल्या घटसर्पाने त्या देशांत दीड लाखाहून अधिक लोकांना गाठले. पाया खचला की असे होते.

आपल्याकडे प्राथमिक केंद्रे सार्वजनिक आरोग्य विभागाकडे आणि वैद्यकीय महाविद्यालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहेत. खाली जागा रिकाम्या राहिल्या की त्याचा भार वर येतो. किनवटची गरोदर बाई शंभरावर किलोमीटर प्रवास करून नांदेडला पोहोचते. हिंगोली, परभणी आणि तेलंगणातूनही रुग्ण येतात. कमी वजनाच्या बाळासाठी वाटेत गेलेला प्रत्येक तास धोक्याचा असतो.

म्हणून तुम्हाला सांगणे एवढेच. घरात कोणी गरोदर असेल तर पहिल्या तीन महिन्यांतच आशाताईंकडे नोंदणी करा. किमान चार तपासण्या करून घ्या. बाळंतपण कुठे करायचे हे आधीच ठरवा. आणि गावच्या केंद्रात डॉक्टर किंवा औषध नसेल तर गप्प बसू नका. रुग्ण कल्याण समितीकडे आणि ग्रामसभेत लेखी विचारा.