घरांची वही

यंदाच्या स्मरणिकेसाठी ‘मंडळाच्या इतिहासावर काहीतरी लिहा’ असा चिटणीसांचा आग्रह झाला, तेव्हा मी मंडळाचे जुने कपाट उघडले. आजवरचे अध्यक्ष, गाजलेली नाटके, पहिली मूर्ती कुठून आणली, हे सारे पूर्वी अनेकांनी लिहिले आहे. मला मात्र तळाशी एक जाड, कापडी पाठीची वही सापडली. वर शाईने ‘घरे’ एवढेच लिहिलेले. बेंगळूरला बदली किंवा नोकरीनिमित्त येणाऱ्या मराठी माणसाला भाड्याची बरी जागा मिळावी, म्हणून १९७८ पासून आम्ही ही वही ठेवत आलो. ती चाळता चाळता वाटले, आपला इथला खरा इतिहास हिच्यातच आहे.

तसे मराठी माणसाचे या शहराशी नाते फार जुने. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने बेंगळूर घेतले आणि पुढे ते शहाजीराजांची जहागीर झाले. त्यांचे पुत्र एकोजी यांनी १६६९ मध्ये मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वर देवळाला गाव इनाम दिल्याचा शिलालेख आहे. १६८७ मध्ये मोगलांनी शहर जिंकले आणि तीन लाख रुपयांना म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांच्या स्वाधीन केले. हा इतिहास सांगताना आमची छाती फुगते खरी, पण १९७६ साली याच मल्लेश्वरमात मी दहा बाय बाराच्या खोलीसाठी वणवण फिरत होतो, तेव्हा शहाजीराजांचे नाव सांगून कोणी दार उघडले नाही!

मिरजेला गाडी बदलून मीटरगेजच्या गाडीने मी इथे उतरलो, तेव्हा वय २३. सोबत एक ट्रंक, एक वळकटी आणि सार्वजनिक क्षेत्रातल्या एका कारखान्याचे नेमणूकपत्र. बेंगळूर तेव्हा अशा कारखान्यांचे शहर होते. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० मध्ये विमानांचा कारखाना काढला, तोच पुढे एचएएल झाला. मग १९४८ मध्ये आयटीआय, १९५३ मध्ये एचएमटी, १९५४ मध्ये बीईएल. नोकऱ्या होत्या, वसाहतीही होत्या, पण क्वार्टरची प्रतीक्षायादी लांबलचक. तोपर्यंत बाहेर जागा शोधणे आलेच.

मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या वसाहतींना १८९८ च्या प्लेगनंतर वेग आला. दाटीवाटीच्या पेटेतून लोक मोकळ्या हवेला आले. मागे अंगण आणि नारळाची झाडे असलेली घरे त्यांनी बांधली आणि पुढे त्याच आवारात भाडेकरूंसाठी खोल्या काढल्या. आपल्याकडे वाडा, तसे इथे ‘वठार’. मध्ये सामाईक अंगण, भोवती दोन-दोन खोल्यांची बिऱ्हाडे, एकच नळ आणि पाण्यासाठी पहाटेची रांग. फाटकावर पाटी असे, ‘मने बाडिगेगे इदे’, म्हणजे घर भाड्याने देणे आहे. ‘बाडिगे’ आणि ‘भाडे’ या सख्ख्या बहिणी, त्यामुळे कन्नडमधला मला समजलेला पहिला शब्द हाच.

पाटी वाचून फाटक वाजवले की घरमालकांचा पहिला प्रश्न भाड्याचा नसे. ते विचारीत, ‘यारु कळिसिद्रु?’ कोणी पाठवले? मला कोणीच पाठवले नव्हते. अकरा घरांतून परत आलो. बाराव्या घरी कारखान्यातल्या एका कानडी फोरमनची चिठ्ठी घेऊन गेलो आणि तीन मिनिटांत होकार मिळाला. भाडे ११० रुपये, तीन महिन्यांचे आगाऊ. करार नाही, पावती नाही. चिठ्ठी हाच करार.

या प्रश्नामागे नुसता संशय नव्हता, कायदाही होता. १९६१ च्या कर्नाटक भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरूला भक्कम संरक्षण दिले होते. एकदा आत आलेला माणूस कोर्टाशिवाय निघत नसे आणि कोर्टात वर्षे जात. शिवाय जागा रिकामी झाली की ते नियंत्रकाला कळवायचे, आणि ती कोणाला द्यायची हे सरकारही ठरवू शके. त्यामुळे बरेचसे मालक गाजावाजा न करता ओळखीच्या माणसाच्या माणसालाच जागा देत. कायदा भाडेकरूच्या रक्षणासाठी होता, पण शहरात नव्याने येणाऱ्याला त्याने दाराबाहेर ठेवले.

म्हणून वही सुरू झाली. तिच्यात पाच रकाने होते : पत्ता, भाडे, आगाऊ, पाणी आणि शेवटचा ‘कोणाच्या ओळखीने’. पाण्याचा रकाना का, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. कावेरीच्या पाण्याचा पहिला टप्पा १९७४ मध्ये सुरू झाला, तरी सगळीकडे नळ पोहोचायला वर्षे लागली. ‘भाडे ९०, विहीर गोड’ अशी एक नोंद वाचून मला आजही बरे वाटते.

सगळ्याच नोंदी अशा नाहीत. १९८१ ची एक नोंद आहे : ‘जागा उत्तम. पण आडनाव विचारतात.’ ही लिहिणारा सहकारी माझ्या शेजारच्या टेबलावर बसे. मला तीन मिनिटांत मिळालेला होकार त्याला तीन महिने मिळाला नाही. शेवटी कारखान्यापासून १४ किलोमीटरवर त्याने बिऱ्हाड केले आणि रोज दोन बस बदलून तो कामावर येई. ओळखीने घर मिळते, असे आम्ही अभिमानाने सांगत होतो. ज्याची ओळख कोणी करून घेत नाही त्याने काय करायचे, हे आम्ही कधी विचारले नाही. त्या नोंदीखाली कोणी काहीच लिहिलेले नाही. मीही नाही.

वहीच्या मध्यावर अक्षरे बदलतात आणि आकडे फुगतात. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स बेंगळूरला आली. नव्वदच्या दशकात इलेक्ट्रॉनिक सिटी आणि व्हाइटफील्डकडे संगणकाच्या कंपन्या वाढल्या. पुण्या-मुंबईची, सांगली-कोल्हापूरची मुले-मुली झुंडीने येऊ लागली. वठारे पाडून तीन-तीन मजले चढले. अनामत तीन महिन्यांवरून दहा महिन्यांवर गेली. भाडे पाच हजार असेल तर पन्नास हजार आधी मोजायचे, आणि घर सोडताना रंगकामाचे म्हणून एक महिन्याचे भाडे कापून घ्यायचे, हा शहराचा रिवाजच झाला.

कायदाही बदलला. १९९९ चा नवा कर्नाटक भाडे कायदा ३१ डिसेंबर २००१ पासून लागू झाला. बेंगळूरसारख्या शहरात महिना ३५०० रुपयांहून अधिक भाड्याची घरे त्याच्या बाहेर ठेवली गेली. म्हणजे आमच्या मुलांची जवळपास सगळीच. त्यांना आता आधार उरला तो करारनाम्याचा. तो करारही ११ महिन्यांचा, कारण एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी १९०८ च्या कायद्याने सक्तीची आहे आणि तो खर्च व खटाटोप दोन्ही पक्षांना नको असतो. ‘कोणी पाठवले?’ हा प्रश्न मागे पडला. त्याच्या जागी कागद आला. आम्ही मात्र ओळखीवरच विसंबून राहिलो.

आता जे सांगायचे आहे ते लिहिताना जड जाते. बेंगळूरला ‘लीज’ म्हणून एक पद्धत आहे. कानडीत तिला ‘भोग्य’ म्हणतात, आपल्याकडच्या ताबेगहाणाची ही बहीण. मालकाला एकरकमी मोठी रक्कम द्यायची, दोन-तीन वर्षे भाड्याशिवाय राहायचे आणि जाताना रक्कम बिनव्याजी परत घ्यायची. २००९ मध्ये सांगलीकडचे एक नवविवाहित जोडपे मंडळात आले. सात लाखांत तीन वर्षांची लीज मिळत होती. मालक माझ्या सकाळच्या फिरण्यातले, पंधरा वर्षांची ओळख. ‘काका, तुम्ही ओळखता ना त्यांना?’ त्याने विचारले. मी म्हणालो, ‘निर्धास्त राहा. सज्जन माणूस आहे.’ वहीत शेवटच्या रकान्यात माझे नाव आहे.

२०११ मध्ये एके दुपारी तिचा फोन आला. ‘काका, दारावर बँकेची नोटीस लावलीय. नाव मालकांचं आहे, पत्ता आमचा.’

घर आधीपासून बँकेकडे गहाण होते. २००२ च्या सरफेसी कायद्याखाली थकलेल्या कर्जाचे घर बँक दिवाणी दावा न लावताही ताब्यात घेऊन लिलावात काढू शकते. यांच्या हातात शंभर रुपयांच्या स्टँपवरचा, नोंदणी नसलेला कागद, तोही गहाणानंतरचा. सातापैकी दीड लाख तेवढे तुकड्या-तुकड्याने परत मिळाले. त्या दोघांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही. पुढच्या गणपतीत मात्र ती दिसली नाहीत.

मी मालकाला ओळखत होतो हे खरे. पण त्यांच्या घराला ओळखत नव्हतो. उपनिबंधक कार्यालयातून बोजाचा दाखला, ज्याला इथे सगळे ‘ईसी’ म्हणतात, तो काढायला लावला नाही. आणि दाखल्यावरही भागत नाही, कारण मूळ कागद बँकेत ठेवून केलेले गहाण त्यात दिसेलच असे नाही. मूळ खरेदीखत पाहायला मागितले असते, तर ते मालकाकडे नाही हे तिथल्या तिथे कळले असते. झेरॉक्स कोणीही दाखवतो. त्या वर्षी मी वहीत सहावा रकाना आखला : ‘मूळ खरेदीखत पाहिले का?’

पुढची पाने तुम्हाला ठाऊकच आहेत. २०२० मध्ये टाळेबंदीत मुले गावी गेली, घरे ओस पडली आणि अनामतीवरून भांडणे झाली. २०२२-२३ मध्ये सगळे परतले आणि भाडी कडाडली. केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरार कायदा मंजूर केला. त्यात घराची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरतीच ठेवली आहे, पण तो राज्यांनी आपापल्या कायद्याने आणायचा आहे. आता घरे फोनवर शोधतात. वहीत नोंदी तुरळक होतात.

तरी नव्याने आलेल्यांना चार गोष्टी सांगतो. घर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय, फोटोवर भुलून एक रुपयाही टोकन पाठवू नका. मालमत्ता कराची पावती आणि वीजबिल कोणाच्या नावे आहे ते पाहा. अनामत बँकेतूनच द्या, रोख नको. रंगकामाचे किती कापणार आणि अनामत किती दिवसांत परत देणार, हे करारात लिहून घ्या. आत जाताना भिंती, नळ, पंखे यांचे फोटो काढून मालकांना पाठवा. पाणी नळाचे, बोअरचे की टँकरचे, आणि टँकरचा खर्च कोणाचा, हे आधी विचारा. लीज घ्यायचीच असेल तर ईसी, मूळ खरेदीखत आणि नोंदणी, तिन्ही हवेत. ईसी आता ‘कावेरी’ या सरकारी संकेतस्थळावरून घरबसल्या मागवता येते.

शेवटी एक आठवण. २०१६ च्या उत्सवात लातूरचा एक मुलगा माझ्यासमोर उभा राहिला. घर हवे होते. चाळीस वर्षांच्या सवयीने मी विचारले, ‘कोणी पाठवलं तुला?’ त्याने त्या सांगलीकडच्या जोडप्याचे नाव घेतले. म्हणाला, ‘त्यांनी सांगितलं, काकांना भेट. कागद बघितल्याशिवाय ते घर सांगत नाहीत.’

त्या रात्री आरतीनंतर मी त्यांना फोन केला. दुसऱ्या दिवशी दोघे मुलीला घेऊन दर्शनाला आले.

वही उत्सवाचे दहाही दिवस मंडपात, देणगीच्या टेबलाशेजारी असेल. घर हवे असेल त्याने यावे. घर ठाऊक असेल त्याने सहाही रकाने भरावेत. आणि आडनाव विचारणाऱ्या मालकाचे घर असेल तर ते या वहीत लिहू नये, ही माझी नम्र विनंती.

गणपती बाप्पा मोरया!