कोऱ्या कागदावरचा शिक्का

एकाने गुनाह करावा आणि त्याची झळ साऱ्या जमातीला लागावी, हा कुठला न्याय, असा प्रश्न आपल्या मुलामुलींच्या मनात अनेकदा येतो. प्रश्न रास्त आहे. कोणीही दुसऱ्याच्या पापाचे ओझे वाहणार नाही, हशरच्या मैदानात ज्याचा त्याचा हिशेब वेगळा होईल, अशी कुरआन शरीफची स्पष्ट शिकवण आहे. पण त्याच कुरआन शरीफमध्ये असाही इशारा आहे की, काही संकटे आली म्हणजे ती केवळ जुलूम करणाऱ्यांपुरती राहत नाहीत. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा? उत्तर सोपे आहे. गुनाहची शिक्षा करणाऱ्याची. नुकसान मात्र सर्वांचे.

हजरत पैगंबर (स.) यांनी हे जहाजाच्या दृष्टांताने समजावले आहे. जहाजावर काही जण वरच्या मजल्यावर, काही खालच्या. खालच्यांना पाण्यासाठी दर वेळी वर जावे लागे. वरच्यांना त्रास नको म्हणून आपल्याच भागात एक भोक पाडून पाणी घ्यावे, असे त्यांच्या मनात आले. वरच्यांनी त्यांचा हात धरला तर सर्व वाचतील, न धरला तर सर्व बुडतील. पनवेलच्या खाडीत गलबते येत-जात असत, त्या काळच्या करंजाडे-पनवेल टापूतील आपल्या वाडवडिलांना या दृष्टांताचा अर्थ कोणी फोडून सांगावा लागला नसता. तळाशी पडलेले भोक वर बसलेल्याला दिसत नाही. पाणी पायाशी आले म्हणजेच कळते.

असे एक भोक आपल्या दख्खनच्या इतिहासात १४८१ साली पडले. ते कुऱ्हाडीने नव्हे, एका शिक्क्याने पडले. त्याची हकीकत आपल्या विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी नीट समजून घेण्यासारखी आहे.

दाभोळला उतरलेला व्यापारी

इराणच्या गिलान प्रांतातील ख्वाजा महमूद गवान १४५३ च्या सुमारास आपल्या कोकणातील दाभोळ बंदरात उतरला. वय चाळिशीच्या पुढे, पेशा व्यापाराचा आणि ओढ विद्येची व सत्पुरुषांच्या सहवासाची. दाभोळहून तो बीदरला गेला. बीदर तेव्हा बहामनी सुलतानांची राजधानी होती. सुलतानाने त्याची योग्यता ओळखून त्याला ठेवून घेतले आणि एकामागून एक चार सुलतानांच्या कारकिर्दीत तो पायरी पायरीने चढत राज्याचा मुख्य वजीर झाला.

हा परका मनुष्य दख्खनचाच होऊन गेला. कोकणपट्टीत व्यापाऱ्यांच्या आणि हाजींच्या जहाजांना समुद्री लुटारूंचा मोठा उपद्रव होता. १४६९ पासून तीन वर्षे घाटाखालच्या रानात मोहीम चालवून त्याने खेळणा, म्हणजे आजचा विशाळगड, घेतला आणि १४७२ साली गोवा बंदर बहामनी राज्यास जोडले. त्याच सुमारास बीदरमध्ये त्याने तीन मजली मदरसा बांधला. भिंतींवर रंगीत इराणी फरशा, विद्यार्थ्यांना राहण्याच्या खोल्या, आणि सुमारे तीन हजार हस्तलिखितांचे ग्रंथालय. इराणचा थोर कवी जामी याच्याशी त्याचा पत्रव्यवहार होता, आणि त्याने लिहिलेल्या पत्रांचा संग्रह ‘रियाजुल-इन्शा’ या नावाने आजही अभ्यासकांच्या हाती आहे.

राज्यकारभारातही त्याने शिस्त आणली. राज्याचे चार मोठे सुभे होते. त्यांचे आठ केले. सुभेदाराच्या हाती एकच किल्ला ठेवून बाकीचे किल्ले थेट सुलतानाच्या हुकमतीखाली आणले. जो सरदार कागदावर दाखवलेल्याहून कमी शिपाई ठेवील, त्याच्याकडून तेवढी रक्कम वसूल होऊ लागली. जमिनीची मोजणी सुरू झाली. ज्यांचे हात आजवर मोकळे होते, त्यांना हे कसे रुचावे? तेलंगणचा सुभेदार निजाम-उल-मुल्क हसन बहरी याच्या सुभ्याचे दोन भाग झाले, तेव्हापासून त्याच्या मनात अढी बसली.

दरबारात आधीच दोन तट होते. इराण-अरबस्तानातून आलेले ते ‘आफाकी’ आणि इथे रुजलेले ते ‘दख्खनी’. दोघांचा कलमा एक, किब्ला एक. पण एकमेकांवर भरवसा नव्हता. गवानने दोन्ही तटांना सारख्या जागा देऊन समतोल राखण्याचा प्रयत्न केला. याच वैरातून पूर्वी आपल्या चाकणच्या किल्ल्याजवळ भयंकर प्रकार घडला होता. फेरिश्ता या इतिहासकाराने लिहिल्याप्रमाणे, कोकणातील पराभवातून जीव वाचवून आलेल्या आफाकी लोकांविरुद्ध सुलतानाला खोटा मजकूर कळवण्यात आला आणि शेकडो सय्यदांसह त्या लोकांची दगा देऊन कत्तल झाली. खोट्या कागदाने रक्त सांडते, हा धडा दख्खनला नवा नव्हता; तो कोणी शिकला नव्हता, एवढेच.

एका बैठकीतले पाप

१४८१ साली सुलतान मुहम्मद शहा तिसरा पूर्वेकडे कोंडापल्लीच्या छावणीत होता. वजिराची मोहोर सांभाळण्याचे काम त्याच्या एका हबशी गुलामाकडे होते. काम साधे, पण जोखमीचे. वजिराची मोहोर म्हणजे वजिराचा शब्द. हसन बहरीच्या माणसांनी या गुलामाशी दोस्ती जोडली. नजराणे दिले, मेजवान्या दिल्या. एके दिवशी दारूच्या अमलात त्याच्यापुढे एक घडी घातलेला कागद ठेवला आणि सांगितले की, अमक्या दोस्ताचे काम आहे, बाकीच्या अधिकाऱ्यांच्या मोहोरा झाल्याच आहेत, तुमची तेवढी राहिली. त्याने कागद उघडूनही पाहिला नाही. मोहोर उठवून दिली.

कागद कोरा होता. मग त्यावर मजकूर लिहिण्यात आला. ओरिसाच्या राजाला उद्देशून, वजिराच्या नावाने, असा की सुलतानाच्या व्यसनाला व जुलमाला आम्ही विटलो आहोत, तुम्ही सैन्य घेऊन यावे. हे पत्र योग्य वेळ साधून सुलतानासमोर ठेवले. योग्य वेळ म्हणजे सुलतान स्वतः नशेत असण्याची वेळ.

वजिराला बोलावणे गेले. हितचिंतकांनी सांगितले, आज जाऊ नका. हवे तर घोडेस्वार बरोबर घेऊन गुजरातकडे निघून जा. ज्याच्या घराण्याचे मीठ खाल्ले त्याच्यापुढून पळण्यास त्या वृद्धाने नकार दिला. सुलतानाने विचारले, नोकराने फितुरी केली तर त्याला काय सजा? तलवार, असे वजिराने उत्तर दिले. पत्र पुढे आले. त्याने मोहोर पाहिली आणि म्हणाला की मोहोर माझी आहे, मजकूर माझा नाही. पुढे चौकशी झाली नाही. मोहोर कोण सांभाळतो, एवढा एक सवाल विचारला असता तरी पुरे होते. पण सुलतान उठून गेला आणि जाता जाता हुकूम देऊन गेला. ५ एप्रिल १४८१ रोजी सत्तरी ओलांडलेल्या ख्वाजा महमूद गवानचे शिर धडावेगळे झाले.

सुलतानाला वाटले, वजिराच्या घरी अपार संपत्ती सापडेल. खजिनदाराने हिशेब मांडला. सरकारी खर्चाचा पैसा वेगळा, फौजेचा व हत्ती-घोड्यांचा वेगळा. गोरगरिबांच्या पेटीत अवघ्या तीनशे लारी. लारी म्हणजे त्या काळचे चांदीचे नाणे. इराणहून आणलेल्या भांडवलावर व्यापार करून वजीर आपला खर्च भागवी, मातीच्या भांड्यांत जेवी व चटईवर निजे. हे ऐकून सुलतानाला पश्चात्ताप झाला; पण पश्चात्तापाने शिर जोडले जात नाही.

पाणी वर चढले

आता जहाजात पाणी कसे चढले ते पाहा. सर्वांत आधी विश्वास बुडाला. वऱ्हाडचा इमाद-उल-मुल्क आणि माहूरचा खुदावंद खान हबशी यांनी आपले तळ सुलतानाच्या छावणीपासून दूर दिले. ज्याने अशा वजिराचे ऐकून घेतले नाही तो आमचे काय ऐकणार, हा त्यांचा सवाल होता. लक्षात घ्या, मोहोर उठवणारा हबशी होता आणि अन्यायाकडे पाठ फिरवणारा खुदावंद खानही हबशीच होता. पुढे निजामशाही तारून नेणारा मलिक अंबर हाही हबशी. एका माणसाच्या गुनाहवरून त्याच्या साऱ्या जातीला नावे ठेवणाऱ्यांना इतिहास असे उत्तर देतो.

पुढच्याच वर्षी, १४८२ साली, सुलतान तरुणपणीच मरण पावला. गादीवर लहान मुलगा आला. सत्ता हसन बहरीच्या हाती गेली. पण १४८६ साली तोही मारला गेला. ज्या शिडीने तो चढला तिला पायऱ्याच नव्हत्या. बीदरच्या रस्त्यांवर दख्खनी आणि आफाकी एकमेकांचे रक्त सांडू लागले. १४९० च्या सुमारास विजापूर, अहमदनगर आणि वऱ्हाड वेगळे झाले. पुढे गोवळकोंडाही गेले. बीदरचा सुलतान नावापुरता उरला.

आणि आपले कोकण? गवानने शिस्त लावलेल्या किनाऱ्यावर बहादूर गिलानी नावाचा सरदार बंड करून बसला आणि गुजरातची जहाजे लुटू लागला. १४९४ साली तो मारला गेला. पण किनारा एका हाताखाली पुन्हा आला नाही. १४९८ साली वास्को द गामा कालिकतला पोहोचला, तेव्हा दख्खनचे अमीर एकमेकांच्या सीमा कुरतडण्यात गुंतले होते. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीजांनी दाभोळ जाळले. ज्या बंदरात एके काळी महमूद गवान उतरला होता, तेथे लहानथोर न पाहता कत्तल झाली. १५१० साली गोवा गेले आणि तेथील मुसलमान वस्तीची कत्तल झाली. १५२१ साली आपल्या शेजारच्या चौलला पोर्तुगीजांचा कोट उभा राहू लागला. कोकणच्या नाखव्याला स्वतःच्याच समुद्रात जाण्यासाठी परक्यांचा परवाना काढावा लागला.

हे सर्व एका मोहोरेमुळे झाले असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पोर्तुगीज तोफा तशाही आल्या असत्या. तटबाजी होतीच, सुलतानाचे व्यसन होते, चौकशीचा अभाव होता. फळ्या आधीच कुजल्या होत्या. पण कुजकी फळीसुद्धा कोणी टोचेपर्यंत काही काळ पाणी अडवते. ज्या एका माणसाने त्या फळ्या एकत्र धरून ठेवल्या होत्या, त्याला त्या मोहोरेने नेले. दाभोळच्या कोळ्याने, गोव्याच्या विणकराने किंवा बीदरच्या तालिब-इल्मने कोणाचे काय बिघडवले होते? काहीच नाही. ते फक्त त्याच जहाजात बसलेले होते.

आपण काय शिकावे

या हकीकतीत मला सर्वांत अधिक विचार करायला लावतो तो हसन बहरी नव्हे. असे महत्त्वाकांक्षी लोक प्रत्येक काळात असतात. विचार करायला लावतो तो मोहोर सांभाळणारा. त्याला धन्याचा जीव घ्यायचा नव्हता. त्याने फक्त दोस्तीखातर, न वाचता, एक शिक्का मारला. शुद्धीवर आल्यावर त्याने धन्यापुढे जाऊन कबुली दिली असती तर वजीर सावध झाला असता. तौबाचे दार उघडे होते. शरमेने वा भीतीने ते बंद राहिले. लपवलेला गुनाह लहान असला तरी तो लपवण्यानेच मोठा होतो.

येथे कोणी विचारील, दुसऱ्याच्या उणिवा झाकाव्यात अशीच आपल्या दीनची शिकवण नाही काय? होय, आहे. भावाच्या खाजगी दुबळेपणावर पांघरूण घालणे हे पुण्यच आहे. पण अमानतीतील खियानत ही खाजगी बाब नव्हे. ज्या गोष्टीत इतरांचा हक्क आहे, मग तो यतीमचा पैसा असो, वक्फची जमीन असो, वा विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेवरील आकडा असो, तेथे गप्प राहणे म्हणजे भोक पाडणाऱ्याला हत्यार पुरवणे होय. ‘जमातीची अब्रू’ म्हणून आपण पुष्कळदा तोंड मिटतो. अब्रू अशाने वाचत नाही. ती उधारीवर चालते, आणि उधारी व्याजासह वसूल होते.

पालकांनो, शिक्षणसंस्था ही शिक्क्यावर आणि सहीवर चालते. दाखला, पावती, हजेरीपट, ठरावाचे पुस्तक, हे सारे कागद विश्वासाचे आहेत. न वाचता सही मागणारा दोस्त आला तर त्याला चहा द्यावा, सही देऊ नये. आणि विद्यार्थी मित्रांनो, परीक्षेत केलेली नक्कल एकट्याची असते असे समजू नका. तुमच्या प्रमाणपत्रावर जो शिक्का आहे, तोच तुमच्या मागून येणाऱ्या प्रामाणिक मुलाच्या प्रमाणपत्रावरही असणार आहे. तुमच्यामुळे तो शिक्का संशयित झाला तर नोकरीच्या दारात उभे राहून त्याची किंमत तो मुलगा मोजील.

महमूद गवानचा मदरसा बीदरला आजही उभा आहे. १६९६ च्या सुमारास तेथे साठवलेल्या दारूगोळ्याचा स्फोट होऊन त्याचा मोठा भाग ढासळला. तरी उरलेल्या मनोऱ्यावर आणि भिंतीवर निळ्या-हिरव्या फरशांचे तुकडे चमकतात. बीदर आता कर्नाटकात असले तरी मराठवाड्याला लागूनच आहे. सहलीला मुलांना जरूर न्यावे. त्या मनोऱ्याखाली उभे करून त्यांना दोन गोष्टी सांगाव्यात. एका माणसाने विद्येसाठी काय उभारले, ही एक. आणि एका माणसाने न वाचता काय पाडले, ही दुसरी.

अल्लाहतआला आपल्या हाती दिलेली प्रत्येक अमानत सांभाळण्याची तौफीक आपणा सर्वांना देवो, आणि चूक झाली तर ती वेळीच कबूल करण्याचे धैर्य देवो. आमीन.