दोनदा उमटलेलं १९५५

१९५५ साली फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत लिंकन सेंटचा एक ठसा बनवताना नक्षी दोनदा दाबली गेली, आणि दुसऱ्यांदा किंचित फिरली. मग त्यातून पडलेल्या प्रत्येक नाण्यावर साल आणि अक्षरं दुहेरी! लक्षात येईतो ती इतर नाण्यांत मिसळलेली. २०,०००च्या वर बाहेर गेली. कित्येक म्हणे सिगारेटच्या पाकिटातले सुटे पैसे म्हणून.

त्याच सालचा आणखी एक सेंट नवख्यांच्या गळ्यात मारतात. ठसा झिजल्यामुळे त्याचा शेवटचा ५ दुहेरी भासतो, इतकंच. 'गरिबाचं डबल डाय' हे नाव मात्र झकास!

मी भिंगाखाली आधी अक्षरांची टोकं बघतो. खऱ्यात दोन्ही प्रतिमा गोलसर, उठावदार, टोकाशी खाच. नाणं पाडताना ठसा हलला असेल तर नुसती चपटी पायरी. मागच्या बाजूचा ठसा वेगळाच असतो. तीही दुहेरी दिसली तर नाणं मुकाट्याने परत करतो.