खुर्च्या जाळणारा राजा: हंगेरीचा बेला चौथा

मंडळी, आज हंगेरीच्या बेला चौथ्याकडे वळू. १२३५ ते १२७० अशी पस्तीस वर्षं त्यानं राज्य केलं. हंगेरीत त्याला राज्याचा दुसरा संस्थापक म्हणतात. पहिला अर्थात संत स्टीफन. आता दुसऱ्यांदा स्थापना करायची, म्हणजे आधीचं मोडलेलं असणार, नाही का? तिथूनच सुरुवात करू.

बेलाचा बाप आन्द्राश दुसरा हा फार उधळ्या हाताचा. राजाच्या मालकीच्या जमिनी त्यानं सरदारांना इनाम म्हणून वाटून टाकल्या. बेलाला हे मुळीच पसंत नव्हतं. गादीवर आल्यावर त्यानं दिलेली इनामं परत घ्यायला सुरुवात केली. आणखी एक हुकूम काढला: राजासमोर सरदारांनी बसायचं नाही. त्यांच्या खुर्च्या चक्क जाळून टाकल्या! सरदार हे विसरले नाहीत.

अशात पूर्वेकडून बातम्या येऊ लागल्या. ज्युलियन नावाचा एक साधू पूर्वेला राहिलेल्या मूळ हंगेरियन लोकांच्या शोधात व्होल्गापर्यंत गेला होता. दुसऱ्या खेपेला तो परतला तो मंगोलांचं धमकीचं पत्र घेऊनच. मंगोलांपुढे पळत आलेल्या कुमान टोळ्यांना बेलानं १२३९ मध्ये आसरा दिला. हिशेब बरोबर होता, घोडेस्वार हवेच होते. पण या भटक्यांची जनावरं शेतं तुडवू लागली, लोक चिडले, आणि १२४१ मध्ये ऐन संकटात पेस्टमध्ये त्यांचा प्रमुख कोतेन मारला गेला. कुमान लूटमार करत दक्षिणेला निघून गेले. ज्यांच्या भरवशावर लढायचं तेच गेले.

११ एप्रिल १२४१. शायो नदीकाठी मोही इथं बातू आणि सुबुताई यांनी हंगेरीचं सैन्य वेढून कापून काढलं. दोन्ही आर्चबिशप पडले, राजाचा भाऊ काल्मान पुढे जखमांनी गेला. बेला कसाबसा निसटला. शेजारच्या ऑस्ट्रियाच्या ड्यूक फ्रेडरिकनं आसरा देतो म्हणून बोलावलं आणि अडकवून खजिना आणि तीन परगणे उकळले. शेजारधर्म!

त्या हिवाळ्यात डॅन्यूब गोठली. रोगेरियस हा पाद्री त्या काळात मंगोलांच्या कैदेत होता, त्यानं एक गोष्ट लिहून ठेवलीय. बर्फ घोड्यांचं वजन पेलेल का, हे मंगोलांना कळत नव्हतं. मग त्यांनी काठावर जनावरं सोडली आणि स्वतः मागे सरले. पलीकडचे लोक ती न्यायला बर्फावरून आले, आणि मंगोलांना उत्तर मिळालं. बेलाला पार दाल्मेशियाच्या किनाऱ्यावर, त्रोगीरपर्यंत पळावं लागलं. क्लिसच्या किल्ल्यात त्याच्या दोन मुली वारल्या.

१२४२ च्या वसंतात मंगोल माघारी गेले. ओगेदेई खान वारला म्हणून की चारा अपुरा पडला म्हणून, यावर इतिहासकार अजून भांडतात. माणसं किती मेली, याचे अंदाजही फार वेगवेगळे आहेत.

आता खरी गंमत बघा. बेलानं एक गोष्ट नीट पाहिली होती. मातीची आणि लाकडाची तटबंदी कोसळली, पण एस्टरगोमचा बालेकिल्ला, सेकेशफेहेरवार, पन्नोनहाल्माचा मठ ही ठिकाणं टिकली. म्हणजे दगडी किल्ले हवेत. पण ते एकट्या राजाच्या पैशातून होणार नव्हते. मग ज्यानं इनामं परत घेतली, तोच राजा पुन्हा जमिनी वाटू लागला! फक्त अट घातली, किल्ला बांधा. चिडून गेलेल्या कुमानांनाही त्यानं परत बोलावलं, इतकंच नव्हे तर आपल्या मुलाचं, स्टीफनचं, लग्न कुमान मुलीशी लावलं. पेस्टला १२४४ मध्ये सनद दिली, आणि समोरच्या टेकडीवर बुडाचं तटबंदीचं शहर वसवलं. आजचं बुडापेस्ट म्हणतो त्याचा एक मोठा तुकडा हा.

माझ्या मते राजाचं मोठेपण या घूमजावात आहे. स्वतःचं तरुणपणीचं धोरण चुकीचं नव्हतं, पण आता परवडणारं नाही, हे त्याला कळलं.

शेवटची वर्षं मात्र कडू गेली. याच स्टीफनशी त्याचं यादवी युद्ध झालं. १२७० मध्ये डॅन्यूबमधल्या बेटावर तो वारला. त्याची मुलगी मार्गारेट त्याच बेटावरच्या मठात जोगीण होती, आणि आज ते बेट तिच्याच नावानं ओळखतात.

१२८५ मध्ये मंगोल पुन्हा आले. या वेळी किल्ले टिकले, मंगोल नुकसान सोसून परत फिरले. आणि १३०१ मध्ये अर्पाद घराणं संपलं, तेव्हा माटे चाकसारखे सरदार अशाच किल्ल्यांत बसून राजाला न जुमानता आपापले मुलूख चालवत होते.