भिंतीबाहेर पडणारी ऊब कोणाची?

१६ जानेवारी १९९२. अमेरिकेच्या ओरेगन राज्यातील फ्लॉरेन्स हे गाव. पहाटेचे ३ वाजून २० मिनिटे झाली होती. रस्त्यापलीकडे उभ्या असलेल्या एका मोटारीतून सरकारी अधिकाऱ्यांनी समोरच्या घरावर एक कॅमेरा रोखला. कोणी दार ठोठावले नाही, अंगणात पाऊल टाकले नाही, खिडकीतून डोकावलेही नाही. काही मिनिटांत काम उरकले. पडद्यावर दिसले ते एवढेच, की गॅरेजवरचे छप्पर आणि एका बाजूची भिंत उरलेल्या घरापेक्षा, आणि लगतच्या शेजाऱ्यांच्या घरांपेक्षाही, बरीच उबदार आहे.

हिवाळ्यात घरातील ऊब नेमकी कोठून निसटते हे शोधण्यासाठी युरोप-अमेरिकेत आज जे थर्मल कॅमेरे वापरले जातात, त्यांच्याच कुळातला हा कॅमेरा. तो त्या मोटारीत कसा पोहोचला आणि भिंतीबाहेर पडलेल्या उबेवर हक्क कोणाचा, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत कसा गेला, हे आजच्या धाग्यात पाहू. धागा लांब आहे; सवडीने वाचा.

आरंभ इ. स. १८०० मध्ये, इंग्लंडमधील स्लाउ येथे. विल्यम हर्शेल हा मूळचा हॅनोव्हरचा संगीतकार. १७८१ मध्ये युरेनसचा शोध लावून तो जगप्रसिद्ध झाला होता. सूर्याचे निरीक्षण करताना वेगवेगळ्या रंगांच्या काचांतून डोळ्यांना जाणवणारी उष्णता सारखी नसते, हे त्याच्या ध्यानात आले. मग त्याने लोलकातून सूर्यप्रकाशाचा पट्टा टेबलावर पाडला आणि काळे फासलेले तापमापक एकेका रंगात ठेवले. जांभळ्याकडून तांबड्याकडे जाताना पारा चढत गेला. तांबडा रंग संपल्यावर, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते तिथे, तो आणखी चढला. लोकप्रिय पुस्तकांत हा प्रसंग निव्वळ योगायोग म्हणून रंगवला जातो. मला ते पटत नाही. त्याच वर्षी रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्याने या विषयावर एकामागून एक निबंध प्रसिद्ध केले. त्यांत सूर्याबरोबर मेणबत्ती, शेकोटी आणि तापलेले लोखंड यांच्या अदृश्य किरणांचीही चिकाटीने केलेली मोजणी आहे. हे योगायोगाचे काम नव्हे.

या किरणांना आपण अवरक्त किरण म्हणतो. प्रत्येक वस्तू आपापल्या तापमानानुसार ते सतत उत्सर्जित करत असते. मे महिन्यात नागपुरात सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. सूर्य मावळून चार तास झाले तरी तापलेला स्लॅब वरून उष्णता ओततच असतो. थंड देशांतील घरात घडते तेही हेच. फक्त दिशा उलटी.

एकोणिसाव्या शतकात हे किरण मोजण्याची साधने झपाट्याने सुधारली. इटलीत नोबिली आणि मेल्लोनी यांच्या थर्मोपाइलला काही मीटरवर उभ्या असलेल्या माणसाची ऊब जाणवू लागली. १८८० च्या सुमारास अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ सॅम्युअल लँग्ली याने बोलोमीटर बनवला. त्यात प्लॅटिनमची अतिशय पातळ पट्टी असे. तिच्यावर किरण पडले की ती किंचित तापे आणि तिचा विद्युतरोध बदले. ही पट्टी लक्षात ठेवा, ती शंभर वर्षांनी परत भेटणार आहे.

मोजणे वेगळे आणि चित्र काढणे वेगळे. रात्रीच्या अंधारात शत्रूचे रणगाडे, जहाजे, विमाने दिसावीत ही गरज सैन्याची, आणि उष्णतेचे चित्र काढणाऱ्या यंत्रांवर विसाव्या शतकात पैसा ओतला गेला तो मुख्यतः त्यासाठी. घराच्या भिंती तेव्हा कोणाच्याही डोक्यात नव्हत्या.

नागरी वापरातला महत्त्वाचा टप्पा स्वीडनमधला. तेथील आगा ही कंपनी मुळात दीपगृहांसाठी वायूचे दिवे बनवणारी. तिचा प्रमुख गुस्ताफ डालेन १९१२ मध्ये एका स्फोटात अंध झाला आणि त्याच वर्षी त्याला भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. पुढे त्याने थोड्या इंधनावर दिवसरात्र तापलेली राहणारी, जाड उष्णतारोधक आवरणाची ओतीव लोखंडी शेगडी तयार केली. ब्रिटिश स्वयंपाकघरांत ती आजही ‘आगा’ याच नावाने ओळखली जाते. उष्णता कोंडून ठेवणारी शेगडी विकणाऱ्या कंपनीनेच पुढे उष्णतेची गळती दाखवणारा कॅमेरा विकावा, हा इतिहासाचा मला फार आवडलेला खोडकरपणा आहे.

आगाने लष्करी कामातून मिळवलेल्या अनुभवावर १९६५ मध्ये पहिला व्यापारी थर्मल कॅमेरा बाजारात आणला. तो वीजवाहिन्यांच्या तपासणीसाठी होता, कारण सैल झालेला जोड तापतो आणि दुरूनही ओळखू येतो. १९६९ चे त्यांचे यंत्र पाहिले तर ‘कॅमेरा’ हा शब्द वापरावासा वाटत नाही. कॅमेऱ्याचे वजन सुमारे २५ किलो, चित्र दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपचे २० किलो, तिपाईचे १५ किलो. शिवाय २२० व्होल्टचा जनित्रसंच आणि दहा लिटर द्रवरूप नायट्रोजनचे भांडे. नायट्रोजन कशासाठी? संवेदक स्वतःच उबदार असेल, तर समोरून येणारी क्षीण ऊब त्याच्या स्वतःच्याच उबेत बुडून जाते. म्हणून त्याला आधी गोठवावे लागे. असला सरंजाम घेऊन कोणाच्या दिवाणखान्यात कोण जाणार?

मग आले १९७३. त्या वर्षी आगाने बॅटरीवर चालणारे, उचलून नेता येईल असे यंत्र काढले. त्याच वर्षी ऑक्टोबरात अरब तेल-उत्पादक देशांनी निर्यातबंदी पुकारली आणि पिंपाला सुमारे तीन डॉलर असलेले तेल काही महिन्यांत बारा डॉलरच्या जवळ गेले. या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नव्हता, पण परिणाम मात्र एकत्रच झाला. त्या काळी स्वीडनमधली घरे मोठ्या प्रमाणावर तेलावर तापवली जात. तेथे बांधकामाचे नियम कडक झाले आणि भिंतीत उष्णतारोधक थर खरोखर नीट भरला आहे की नाही, हे भिंत न फोडता तपासण्याची गरज निर्माण झाली.

अमेरिकेत निक्सन यांनी नोव्हेंबर १९७३ मध्ये नागरिकांना घरातील तापमान ६८ अंश फॅरनहाइटवर, म्हणजे २० अंश सेल्सिअसवर, आणण्याचे आवाहन केले. १९७७ च्या फेब्रुवारीत कार्टर स्वेटर घालून दूरचित्रवाणीवर आले आणि त्यांनी ते आणखी खाली आणायला सांगितले. माणसाच्या घरात किती ऊब असावी हा तोवर खाजगी मामला होता. आता राष्ट्राध्यक्ष त्याबद्दल बोलत होते.

पण ऊब जाते कुठून? याचे उत्तर वाटले होते तितके सोपे निघाले नाही. न्यू जर्सीत ट्विन रिव्हर्स नावाची नवी वसाहत होती. एकाच आराखड्याची, एकमेकांना चिकटलेली घरे. प्रिन्स्टन विद्यापीठातील रॉबर्ट सोकोलोव्ह आणि सहकाऱ्यांनी १९७२ पासून तिचा अभ्यास चालवला. घरे सारखी असूनही त्यांचा इंधनखर्च सारखा नव्हता. पोटमाळ्यावाटे जाणारी उष्णता तर पाठ्यपुस्तकी हिशेबाच्या कितीतरी पट निघाली. पोटमाळ्यावर उष्णतारोधक थर होता; मग हे कसे? गौतम दत्त आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोडे सोडवले. भट्टीच्या धुराड्याभोवती मोकळी जागा होती आणि दोन घरांमधल्या सामाईक भिंतींचे ठोकळे पोकळ होते. तळघरातील गरम हवा या चोरवाटांनी थराला वळसा घालून थेट पोटमाळ्यावर पोहोचत होती. उष्णता भिंतीतून झिरपते हे सर्वांना ठाऊक होते. ती जिना चढल्यासारखी भिंतीच्या आतून वर जाते, हे कागदावरच्या हिशेबात नव्हते. अशा वाटा बुजवून, खिडक्या आणि थर सुधारून तिथल्या एका घराची तापवण्याची गरज दोन-तृतीयांशाने कमी करून दाखवण्यात आली.

यातूनच ‘घराचा डॉक्टर’ ही कल्पना पुढे आली. दाराच्या चौकटीत मोठा पंखा बसवून घरातला हवेचा दाब कमी करायचा. ही युक्तीही स्वीडनकडून आलेली. मग बाहेरची थंड हवा प्रत्येक फटीतून आत घुसते आणि थर्मल कॅमेऱ्यात छताच्या कडेला, विजेच्या बटणांच्या खोक्यांभोवती पिसांसारखे काळपट फराटे उमटतात. फट बोटाने सापडत नाही, ती चित्रात सापडते.

इथे एक सावधगिरीची सूचना, कारण अशी रंगीत चित्रे समाजमाध्यमांवर सतत फिरत असतात. हा कॅमेरा भिंतीपलीकडचे पाहत नाही. तो फक्त पृष्ठभागाचे तापमान ताडतो. लाल-निळे रंग यंत्राने भरलेले असतात आणि मापनाची कक्षा आवळली, तर दोन अंशांचा फरकही वणवा पेटल्यासारखा दाखवता येतो. खिडकीची काच या किरणांना जवळजवळ अपारदर्शक असते. काचेवर कॅमेरा धरला तर बहुधा स्वतःचीच धूसर आकृती दिसते. भिंतीवर दिवसभर ऊन पडले असेल तर रात्रीचे चित्रही फसवे येते. आत-बाहेर साधारण दहा अंशांचा फरक नसेल, तर तपासणीला विशेष अर्थ उरत नाही. १९८३ च्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या शीर्षकातच ही पद्धत ‘गुणात्मक’ म्हटली आहे. गळती कुठे आहे ते ती सांगते. नेमकी किती आहे ते चित्रावरून सांगणाऱ्या विक्रेत्यापासून दूर राहिलेले बरे.

आता फ्लॉरेन्सकडे परत. त्या पहाटेचे यंत्र आगाच्याच वारशातील आजेमा कंपनीचे होते. घर होते डॅनी काइलो याचे. घरात गांजाची झाडे वाढवण्यासाठी प्रखर दिवे लागतात आणि असे दिवे भरपूर तापतात. खबऱ्यांची माहिती, विजेची बिले आणि हे उष्णताचित्र यांच्या आधारे झडतीचे वॉरंट निघाले. आत शंभरहून अधिक झाडे सापडली. काइलोचा आक्षेप सरळ होता: वॉरंट हातात नसताना माझ्या घरावर कॅमेरा रोखणे हीच मुळात झडती आहे.

सरकारचे म्हणणे असे, की कॅमेऱ्याने घरात पाहिलेच नाही. भिंतीबाहेर पडलेली उष्णता तेवढी टिपली. ११ जून २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी हे म्हणणे फेटाळले. बहुमताचे निकालपत्र न्या. स्कॅलिया यांचे. त्यांचा प्रतिवाद असा, की याच तर्काने शक्तिशाली मायक्रोफोनही फक्त घराबाहेर आलेला आवाजच टिपतो. मग तोही चालवून घ्यायचा का? घरातली बाई रोज रात्री कोणत्या वेळी स्नान करते, हेही अशा यंत्राला कळू शकेल, याकडे त्यांनी लक्ष वेधले. न्या. स्टीव्हन्स यांचे विरोधी मत वाचण्यासारखे आहे. एका घराच्या छपरावरचे बर्फ शेजारच्या छपरापेक्षा लवकर वितळले, तर येणाऱ्या-जाणाऱ्या कोणालाही ते दिसते. बाहेर पडलेली ऊब ही सर्वांसमोर पडलेली ऊब. मते पुराणमतवादी-उदारमतवादी अशी नेहमीच्या रेषेवर फुटली नाहीत, हेही नोंदवायला हवे. स्कॅलियांबरोबर थॉमस होते, तशा गिन्सबर्गही होत्या.

व्यक्तिशः मी स्कॅलियांच्या बाजूने आहे. छपरावरचे बर्फ शेजाऱ्याला आपोआप दिसते. पहाटे तीन वाजता घराबाहेर दबा धरून घेतलेले चित्र आपोआप दिसत नाही. पण त्यांच्या निकालात एक अट आहे, आणि खरी अडचण तीच. सर्वसाधारण जनतेच्या वापरात नसलेले यंत्र वापरले, तर ती झडती ठरते. स्टीव्हन्स यांनी तेव्हाच दाखवून दिले होते, की असे कॅमेरे फोन करून भाड्याने मिळतात, आणि यंत्र जितके सर्वांच्या हाती जाईल तितका खाजगीपणाला धोका वाढेल, घटणार नाही.

झाले तसेच. लँग्लीची पट्टी आठवते? १९८० च्या दशकात मिनेसोटात हनीवेल कंपनीने अमेरिकन सैन्याच्या पैशावर तिचेच सूक्ष्म रूप घडवले: व्हॅनेडियम ऑक्साइडच्या हजारो इवल्या चकत्या, प्रत्येक चकती म्हणजे एक छोटा बोलोमीटर. त्यांना नायट्रोजनने गोठवावे लागत नाही. काइलोच्या घरावर कॅमेरा रोखला गेला त्याच १९९२ मध्ये या तंत्रावरची गुप्तता उठली. लंडनच्या हॅरिंगी भागात विमानातून घेतलेल्या उष्णताचित्रांचा, घर ओळखता येईल असा नकाशा स्थानिक प्रशासनानेच इंटरनेटवर टाकला. हेतू ऊर्जाबचतीचा होता. २०१४ मध्ये मोबाइलला जोडायचे थर्मल कॅमेरे सामान्य ग्राहकांसाठी विक्रीला आले. ब्रिटनमध्ये काही ग्रंथालये ते पुस्तकासारखे उसने देतात, म्हणजे लोकांनी आपापल्या घरातल्या फटी शोधाव्यात. तो कॅमेरा शेजाऱ्याच्या भिंतीकडे वळवला तर काय, आणि ‘जनतेच्या वापरात नसलेले’ हे शब्द आता कोणत्या यंत्राला लागू करायचे, याचे उत्तर २००१ च्या निकालपत्रात नाही.